शहरातले रुग्णालय बंद होते तेव्हा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

बेळगाव शहराच्या जुन्या भागात अनेक वर्षे माफक दरात सेवा देणारे एक धर्मादाय रुग्णालय बंद होत आहे. ही बातमी पसरल्यापासून या सदराकडे आलेली बहुतेक पत्रे त्याच विषयावर आहेत. संस्थेचा आर्थिक व्यवहार हा या सदराचा विषय नसल्यामुळे तिचे नाव येथे घेतलेले नाही. आरोग्यसेवेवर होणाऱ्या परिणामांविषयीच्या चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही वडगावला राहतो. घरात यंत्रमाग आहेत. आमच्या तीन पिढ्यांची बाळंतपणे आणि आजारपणे याच रुग्णालयात झाली. आता ते बंद होणार म्हटल्यावर आमच्या गल्लीतील जाणती मंडळी सांगतात की, बेळगावात सरकारी सिव्हिल रुग्णालय आहे, केएलईचे मोठे खासगी रुग्णालय आहे, शिवाय पावलोपावली नर्सिंग होम आहेत. थोड्या खाटा कमी झाल्या म्हणून काही बिघडत नाही. त्यांचे म्हणणे खरे मानावे का?
— एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : त्या मंडळींनी खाटांचा हिशेब मांडला आहे आणि तेवढ्यापुरता तो चुकीचा नाही. १९६३ साली केएलईचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि २००५ साली बेळगाव वैद्यकीय विज्ञान संस्था, म्हणजे आपली बिम्स, सुरू झाल्यामुळे अनेक मोठे उपचार आता शहरातच होतात. मात्र २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाख ७९ हजारांच्या पुढे होती आणि बंगळूर शहर जिल्हा सोडला तर कर्नाटकात याहून मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा नव्हता. त्यात महाराष्ट्रातील चंदगडकडचे रुग्णही उपचारांसाठी बेळगावच गाठतात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने दर हजार लोकांमागे दोन खाटांचे उद्दिष्ट ठेवले, तेव्हा त्या खाटा अशा रीतीने विखुरलेल्या असाव्यात की रुग्णाला निर्णायक पहिल्या तासात तेथे पोहोचता यावे, असेही त्यात म्हटले आहे. खाट कोठे आहे आणि ती कोणाला परवडते, हे प्रश्न खाटांच्या संख्येइतकेच महत्त्वाचे आहेत.

आपल्या रुग्णालयात कोण दाखल होत असे, ते आठवून पाहावे. दोन दिवस सलाईन लागणारा तापाचा रुग्ण, जुलाबाने गळून गेलेले मूल, रात्री दम लागलेला वृद्ध, हर्नियाची शस्त्रक्रिया, सरळ बाळंतपण. असे रुग्ण अतिदक्षता विभागातले नसतात, पण त्यांना घरीही ठेवता येत नाही. मोठ्या खासगी रुग्णालयाची अनामत रक्कम त्यांना झेपत नाही आणि सिव्हिलच्या रांगेत दिवस घालवला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. मागावर काम करणाऱ्या घरात माग थांबला की त्या दिवसाची कमाई थांबते, हे आपल्याला मी सांगायला नको. आरोग्यसेवेतला हा मधला थर निघून गेला की त्यातले काही रुग्ण कर्ज काढून वरच्या थरात जातात, काही सिव्हिलमध्ये जातात आणि काही घरीच थांबतात. पहिल्या दोन गटांची नोंद कोठेतरी होते. तिसऱ्या गटाची नोंद कोणत्याच रजिस्टरमध्ये होत नाही, आणि माझी खरी काळजी याच गटाची आहे.

रक्तदाबाची गोळी दर महिन्याला स्वस्तात मिळण्याची जागा गेली म्हणून त्या महिन्यात कोणी मरत नाही. गोळी आधी दिवसाआड घेतली जाते, मग बंद होते, आणि काही महिन्यांनी तोच माणूस अर्धांगवायू होऊन तातडीच्या विभागात येतो. तोपर्यंत त्याच्या आजाराचा संबंध बंद पडलेल्या रुग्णालयाशी जोडायचे कोणालाच सुचत नाही. म्हणूनच रुग्णालय बंद झाल्यावर सहा महिन्यांनी कोणी अधिकाऱ्याने काहीच फरक पडला नसल्याचे सांगितले, तर त्या विधानावर लगेच विश्वास ठेवू नये.

आता सिव्हिलचा विचार करू. एखाद्या वॉर्डातील खाटा ऐंशी-पंच्याऐंशी टक्के भरलेल्या असतील तोवर नवा रुग्ण सामावून घेता येतो. त्यापुढे थोडेच रुग्ण वाढले तरी वाट पाहण्याचा वेळ कितीतरी पटीने वाढतो, कारण मोकळी खाट आणि ती आवश्यक असलेला रुग्ण यांची वेळ जुळेनाशी होते. मग रुग्ण तातडीच्या विभागात स्ट्रेचरवरच पडून राहतो. त्याला घेऊन आलेली १०८ ची रुग्णवाहिका स्ट्रेचर रिकामे होईपर्यंत दारात उभी राहते, आणि त्याच वेळी अनगोळ किंवा येळ्ळूरहून आलेल्या फोनला दूरची गाडी पाठवावी लागते. म्हणजे ज्याने त्या जुन्या रुग्णालयाची पायरीही कधी चढलेली नाही, त्याच्यापर्यंतही त्याच्या बंद होण्याचा परिणाम पोहोचतो.

हा केवळ तर्क नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९९९ ते २०१० या काळात बंद झालेल्या तातडीच्या विभागांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. बंद झालेल्या विभागाच्या परिसरातील इतर रुग्णालयांत दाखल झालेल्या रुग्णांमध्ये मृत्यूची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी अधिक आढळली आणि हृदयविकाराच्या झटक्याच्या रुग्णांमध्ये ती सुमारे १५ टक्क्यांनी अधिक होती. तेथील आकडे जसेच्या तसे बेळगावला लावता येणार नाहीत, परंतु रुग्णालय बंद झाल्याचा भार शेजारच्या रुग्णालयातील रुग्णावर पडतो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच लागू आहे.

आणखी एक साखळी तुटते, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आपल्या भागातील फॅमिली डॉक्टर अनेक रुग्णांवर निर्धास्तपणे उपचार करतात, कारण रात्री काही बिघडले तर चिठ्ठी देऊन कोठे पाठवायचे हे त्यांना ठाऊक असते आणि तेथील डॉक्टर त्यांना ओळखत असतात. ती जागा गेली की सावध डॉक्टर किरकोळ शंकेच्या रुग्णालाही थेट मोठ्या रुग्णालयाकडे वळवू लागतो. त्यामुळे रुग्णाचा खर्च वाढतो आणि सिव्हिलची गर्दीही वाढते.

तथापि रुग्णालय बंद करणे प्रत्येक वेळी चूकच असते, असे मी म्हणणार नाही. रात्री भूलतज्ज्ञ नाही, रक्ताची सोय नाही, प्राणवायूचा भरवसा नाही, अशा ठिकाणी केवळ जुनी आपुलकी म्हणून प्रसूती विभाग चालू ठेवणे हे आईच्या जिवाशी खेळणे आहे. असा विभाग बंद करून त्याचे काम नीट सुसज्ज ठिकाणी नेले तर ते रुग्णांच्या हिताचेच ठरेल. माझा आक्षेप आहे तो दुसरी सोय उभी राहण्यापूर्वी पहिली मोडण्याला. बाह्यरुग्ण विभाग, औषधे आणि लसीकरण यांसाठी त्याच इमारतीत किंवा जवळच्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात वाढीव वेळेची सेवा आधी सुरू व्हावी, संध्याकाळी मजूर कामावरून सुटल्यानंतरही डॉक्टर भेटावा, आणि मगच जुन्या दाराला कुलूप लागावे. ही मागणी आपण नगरसेवकांकडे आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी करावी. सरकारी आरोग्य केंद्रांसाठी आरोग्य रक्षा समित्या असतात. त्यांच्या बैठकीत हा विषय घेण्याचा आग्रह नागरिकांना धरता येतो.

प्रश्न : मी खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात आशा कार्यकर्ती आहे. आमच्या भागातील बाया बाळंतपणासाठी खानापूरला किंवा बेळगावच्या त्या रुग्णालयात जात असत, कारण तेथे नातेवाइकांना राहता येई आणि मराठीत बोलणारे कोणी ना कोणी भेटे. आता पावसाळ्यात अडलेली बाई कोठे न्यावी, असे घरचे मलाच विचारतात. मी काय सांगावे?
— एक आशाताई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, आपण विचारलेला प्रश्न या सर्व पत्रांत सर्वांत निकडीचा आहे. भीमगड अभयारण्याच्या परिसरातील वस्त्यांवरून रुग्णाला डोलीत घालून चिखलातून रस्त्यापर्यंत आणावे लागते, हे आपण पाहिलेले आहे. खानापूरपासून बेळगाव सुमारे २५ किलोमीटर आहे. आपल्या वस्त्यांच्या बाबतीत खरा वेळ खानापूरला पोहोचेपर्यंतच जातो.

प्रसूतीनंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला आणि उपचार मिळाले नाहीत, तर दोन तासांत आईचा जीव जाऊ शकतो. त्यामुळे ‘कोठे न्यावे’ हा निर्णय कळा सुरू झाल्यावर घेण्याचा नाही. तो सातव्या-आठव्या महिन्यातच घेऊन थायी कार्डावर, म्हणजे गरोदर बाईच्या नोंदींच्या कार्डावर, लिहून ठेवावा. आधीचे बाळंतपण सिझेरियनने झालेले असणे, रक्तदाब वाढलेला असणे, हिमोग्लोबिन ७ च्या खाली असणे, जुळे असणे, बाळ पायाळू किंवा आडवे असणे, पूर्वीच्या बाळंतपणात जास्त रक्त गेलेले असणे, यांपैकी एकही गोष्ट असेल तर त्या बाईने जेथे शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि रक्त या तिन्हींची चोवीस तास सोय आहे, अशाच ठिकाणी जावे. वाटेत दोन ठिकाणी दाखवून, तेथून पुढे पाठवले जाण्यात जो वेळ जातो तोच घातक ठरतो. अशा बाईला तारखेच्या आठवडाभर आधी खानापूर किंवा बेळगावातील नातेवाइकांकडे आणून ठेवण्याबाबत घरच्यांचे मन वळवणे, हे आपल्या हातातील सर्वांत मोठे काम आहे. सासूबाईंना आणि घरातील पुरुषांना हे एकत्र बसवून सांगावे, कारण गाडीभाड्याचा निर्णय बहुतेक घरांत त्यांच्याकडे असतो.

२०११ पासून सुरू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण, तसेच घरून रुग्णालयात आणि तेथून परत घरी नेण्याची गाडी हे सर्व विनामूल्य आहे. हे अनेकांना ठाऊक नसते आणि म्हणून त्यांच्याकडून पैसे घेतले जातात. आपण कार्यक्रमाचे नाव घेऊन विचारावे.

उरलेल्या बायांची प्रसूती उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सुरक्षित होऊ शकते. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील गावांत जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहभागाने एक संशोधन झाले व ते २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यात १,६२० महिलांचा समावेश होता. प्रसूतीनंतर लगेच परिचारिकेने मिझोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडावाटे दिल्यावर अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. मोठ्या रुग्णालयापासून दूर असलेल्या गावात साधी परिचारिका किती जीव वाचवू शकते, हे जगाला दाखवणारे काम येथल्याच मातीत झालेले आहे, याचा मला अभिमान वाटतो. आपल्या उपकेंद्रात या गोळ्या किंवा रक्तस्राव आटोक्यात ठेवणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन आहे का, ऑक्सिटोसिन थंड जागी ठेवलेले आहे का आणि परिचारिका तेथे मुक्कामाला असते का, हे पावसाळ्यापूर्वी पाहून घ्यावे. डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि २०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा सरकारी निकष आहे. शहरातील खाटा कमी होत असतील तर गावातील ही केंद्रे रात्रीही चालू राहिली पाहिजेत, आणि भातलावणीच्या दिवसांत तेथे सर्पदंशावरचे प्रतिविषाचे इंजेक्शनही असले पाहिजे.

भाषेबद्दल आपण लिहिले आहे ते अगदी योग्य आहे. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. संमती खरी आणि पुरेशा माहितीवर आधारलेली असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलेले आहे. कन्नड किंवा इंग्रजी कागद समजत नसेल तर सही करण्यापूर्वी तो मराठीत समजावून मागण्यात कोणताही उद्धटपणा नाही. बहुतेक सरकारी रुग्णालयांत दोन्ही भाषा जाणणाऱ्या परिचारिका असतात आणि विनंती केली तर त्या आपुलकीने सांगतात, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : आम्ही निपाणीचे. बेळगावचे ते स्वस्त रुग्णालय बंद झाल्यावर आम्हांला कोल्हापूरच जवळ पडेल. पण रेशनकार्ड कर्नाटकचे आहे. महाराष्ट्राने सीमाभागासाठी योजना जाहीर केली होती, तिचे काय? कोणते कार्ड कोठे चालते?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : निपाणीहून कोल्हापूर साधारण ४० किलोमीटर आणि बेळगाव ७५ किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे आपली ओढ स्वाभाविक आहे. रुग्णाला अंतर दिसते, योजनेला राज्याची हद्द दिसते आणि सीमाभागातील माणूस दोहोंच्या मध्ये अडकतो, ही आपली जुनी व्यथा आहे.

कर्नाटकात २०१८ पासून आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना आहे. बीपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेखालील, कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार तिच्यात मिळतात आणि एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेवरील, कुटुंबाला ठरलेल्या दराच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखांपर्यंत, मदत मिळते. प्राथमिक आणि साधे उपचार सरकारी रुग्णालयातच घ्यावे लागतात. गुंतागुंतीच्या उपचारांसाठी खासगी रुग्णालयात जायचे असेल तर सरकारी रुग्णालयाचे शिफारसपत्र लागते. तातडीच्या ठरावीक उपचारांना ते लागत नाही. हे पत्र न घेता थेट खासगी रुग्णालय गाठणारे अनेक जण नंतर पूर्ण बिल भरतात, म्हणून आधी चिकोडी किंवा निपाणीच्या सरकारी रुग्णालयात नोंद करावी. केंद्राच्या आयुष्मान योजनेच्या यादीत नाव असलेल्या कुटुंबाला दुसऱ्या राज्यातील योजनेत समाविष्ट रुग्णालयातही उपचार घेता येतात. आपले नाव त्या यादीत आहे का, हे १४५५५ या क्रमांकावर विचारून घ्यावे.

महाराष्ट्र शासनाने २०२३ साली सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी भाषकांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ देण्याचे ठरवले आणि कर्नाटक शासनाने त्याला जाहीर आक्षेप घेतला. रुग्णाच्या औषधावरून दोन सरकारांनी भांडावे, याचे मला मनापासून दुःख होते. आपल्यासाठी व्यावहारिक सल्ला असा की, त्या योजनेच्या भरवशावर रुग्णाला गाडीत घालण्यापूर्वी कोल्हापूरच्या त्या रुग्णालयातील योजनेच्या कक्षात फोन करून कर्नाटकच्या रेशनकार्डावर लाभ मिळतो का आणि कोणती कागदपत्रे लागतात, हे विचारावे. खानापूरकडचे वाचक पूर्वी गोव्यातील बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जात असत. तेथेही जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरील रुग्णांना शुल्क लागू झाले आहे.

जीव धोक्यात असेल तर मात्र कार्डाचा विचार न करता सर्वांत जवळचे रुग्णालय गाठावे. तातडीच्या रुग्णावर प्रथमोपचार करणे प्रत्येक डॉक्टरवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सांगितले आहे आणि कर्नाटकच्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्यानुसार तातडीच्या वेळी आगाऊ रकमेसाठी उपचार अडवून ठेवता येत नाहीत.

प्रश्न : माझ्या वडिलांचे डायलिसिस त्याच रुग्णालयात आठवड्यातून दोनदा होत असे. आता दुसरीकडे जागा मिळत नाही आणि जुनी फाईल कोण देणार तेही कळत नाही.
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : जागा का मिळत नाही, ते आधी सांगतो. एका यंत्रावर दिवसाला तीन पाळ्या धरल्या तर आठवड्याच्या सहा दिवसांत १८ पाळ्या होतात आणि प्रत्येकाला दोन पाळ्या दिल्या तर एका यंत्रावर ९ रुग्ण बसतात. पाच यंत्रे बंद झाली की ४५ रुग्ण एकाच आठवड्यात नवी जागा शोधत फिरतात, आणि इतर केंद्रांच्या पाळ्या आधीच भरलेल्या असतात. म्हणून एकाच ठिकाणी नाव नोंदवून थांबू नका. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांतून बीपीएल रुग्णांना ही सेवा मोफत मिळते. सिव्हिलबरोबरच जवळच्या तालुका रुग्णालयांतही चौकशी करा. रात्रीची किंवा पहाटेची पाळी मिळाली तरी ती घ्या. सोयीची वेळ नंतर बदलून मागता येते.

फाईलबाबत नियम स्पष्ट आहे. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपून ठेवाव्या लागतात आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात. अर्ज लेखी द्या, पोहोच घ्या, आणि हे काम रुग्णालयाच्या कार्यालयात कर्मचारी आहेत तोवरच उरका. वडिलांचे कोरडे वजन (शरीरातील जादा पाणी काढल्यानंतरचे वजन), रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपरिनची मात्रा, फिस्टुला (डायलिसिससाठी हातावर जोडलेली रक्तवाहिनी) कधी व कोणत्या हाताला केला त्याची नोंद, हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे अहवाल व हिपॅटायटिस बी लसीच्या तारखा हे कागद मुद्दाम मागून घ्या, कारण विषाणूंचे अहवाल नसतील तर नवे केंद्र रुग्णाला यंत्रावर घेत नाही. जुन्या ईसीजीच्या पट्ट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या असतील तर त्या आजच बाहेर काढून झेरॉक्स करा. त्या कागदावरची रेघ उष्णतेने उमटलेली असते, ती पिशवीत आणि उन्हात पुसट होत जाते व दोन-चार वर्षांनी कोरा कागद हाती राहतो.

जागा मिळेपर्यंत वडिलांना नारळपाणी, केळी, टोमॅटो आणि सुकामेवा देऊ नका, पाणी मोजून द्या आणि रोज सकाळी वजन लिहून ठेवा. पाळी चुकल्यानंतर दम लागणे, आडवे झोपता न येणे, हातापायांतील शक्ती जाणे किंवा नाडी मंद होणे यांपैकी काहीही दिसले तर नव्या केंद्राच्या फोनची वाट न पाहता थेट सिव्हिलच्या तातडीच्या विभागात न्या आणि दारातच सांगा की हा डायलिसिसचा रुग्ण आहे आणि शेवटची पाळी अमुक दिवशी झाली.